लाल शाईतलं नाव

रविवार, ६ ऑक्टोबर १९७४

डोकं तापलंय. मोसमातली पहिली फेरी आणि तिचाच विचका!

सहाला एस.टी. स्टँडवर चौदा जण जमले होते. नवीन दोघं-तिघं, शाळेतल्या कुशाबाई, सर्जेराव. हवा छान, धुकं नाही. घोडनदीच्या काठानं चिंचांच्या राईपर्यंत गेलो. ढोकरी, खंड्या, वेडा राघू, कोतवाल दिसले. धोबी दोन, वाळूत शेपट्या हलवत — म्हणजे थंडीचे पाहुणे यायला लागले. लोक खूश. मी पण.

राईत पोचलो आणि म्हाळूनं हात वर केला. म्हाळू ओव्हाळ, वीज बोर्डातला वायरमन, आमच्या पक्षी मंडळात पहिल्या वर्षापासून. म्हणाला, "सर, आला! पर्णवटवट्या!"

हा पक्षी बोटभर, रंग पानाचाच, हिंडतो शेंड्याच्या पानांत. डोळ्यांना सापडतो कुठं! त्याची बारीक शीळ हीच त्याची ओळख. मोसमात ती ज्याला पहिल्यांदा ऐकू येईल त्याचं नाव मंडळाच्या वहीत पहिल्या पानावर लाल शाईनं लिहायचं, ही चाल मीच पाडली. नियमही माझाच — नुसता ऐकलेला पक्षी सरांनी ऐकला तरच वहीत जाणार. सहा मोसमांत चार वेळा लाल शाईत मीच आहे. उगाच नाही लोक म्हणत, सरांचे कान तिखट.

मी कान दिला. वारा. लांब कुठं तरी इंजिन. बाकी काही नाही. "पुन्हा बोलला, सर. आत्ता. त्या वाकड्या फांदीवर." पुन्हा ऐकलं. काही नाही! दहा मिनिटं तसेच उभे, सगळे माझ्या तोंडाकडं बघतायत. दसऱ्याच्या आत तो पक्षी आपल्याकडं कधी आलेला नाही, हे म्हाळूला माहीत नाही काय? आणि आज वही त्याच्याकडं होती, तर गड्यानं तोवर आपलं नावसुद्धा लिहून ठेवलेलं!

म्हटलं, "म्हाळू, ऐकू येणं वेगळं आणि ऐकू यावंसं वाटणं वेगळं." लोक हसले. वही घेतली, त्याच्या नावावर आडवी रेघ मारली, पुढं लिहिलं — ऐकीव, अग्राह्य. खाली सही. तो "बरं सर" म्हणाला.

कडक बोललो का? असेन बोललो. पण वही ती वही. आणि हा माणूस सहा वर्षं झाली तरी पावलोपावली मलाच विचारतो — "सर, त्यो चिंचंवर बोलतोय त्यो कोन? सर, बाभळीत कोन हाय?" उलट गेली दोन वर्षं जास्तच. आणि आज एकदम स्वतःच सांगायला लागला. सर्जेराव म्हणाले, "बेस केलं सर. उगं कुनी उठंल आन् काय बी लिवंल." सर्जेराव आमचे अध्यक्ष, तळेगाव ढमढेऱ्याचे बागायतदार. लांबच्या फेऱ्या त्यांच्याच जीपनं होतात.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

दूध उतू गेलं. पार्वती म्हणते, न्हाणीतून पाच हाका मारल्या, तुम्ही स्टोव्हच्या शेजारीच बसला होता. हल्ली ही फार हळू बोलते. तसं सांगितलं तर माझ्याकडं बघत राहिली.

संध्याकाळी अंगणात बसलो. यंदा रातकिडेसुद्धा नाहीत. बहात्तरचा दुष्काळ अजून भोवतोय.

रविवार, १३ ऑक्टोबर

म्हाळू आला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा! उद्या त्यांचा धम्मचक्र दिन, वस्तीत तयारी असेल.

आज दिसलेले पक्षी अकरा. ऐकलेले चार — होला, भारद्वाज, टिटवी, कावळा. बस्स! गेल्या वर्षी याच वाटेवर अडतीस होते. कुशाबाईंनी विचारलं, "सर, आज तुम्ही कुठं थांबतच नाही?" थांबायला पक्षी नकोत का, बाई?

रविवार, २० ऑक्टोबर

पाबळचा माळ. जीप भरून माणसं नेली आणि दाखवलं काय, तर कावळे! दोन चंडोल उडाले तेही दुसऱ्या कुणी तरी आधी दाखवले. म्हाळू आजही नाही.

घरी येऊन वृत्तांत लिहिला. "अवर्षणाचा परिणाम : शिरूर भागात यंदा पाहुणे पक्षी नाहीत." पुण्याच्या एका साप्ताहिकाला टपालानं धाडला. छापतील बहुतेक.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर, दसरा

जुने विद्यार्थी सोनं देऊन गेले. घर पानांनी भरलं.

म्हाळू सोनं देत नाही, पण दसरा त्यांचाही मोठा सण, म्हणून दर वर्षी संध्याकाळी पांढरा शर्ट घालून चहाला येतो. पार्वतीनं त्याच्यासाठी चकल्या बाजूला काढून ठेवल्या होत्या. आठ वाजता डब्यात परत टाकल्या. म्हणाली, "तुम्ही काही बोलला का त्याला?" म्हटलं, नाही.

रविवार, २७ ऑक्टोबर

तळेगाव ढमढेरे, सर्जेरावांचा मळा. पाहुणचार झकास — पिठलं, भाकरी, ताजा मुळा. जेवताना सर्जेराव म्हणाले, "सर, तुमचा वटवट्या काल आमच्या इहिरीवरल्या लिंबावर बोलत व्हता बरं का! सकाळधरनं नुसता दंगा."

दसरा झाला, म्हणजे वेळ बरोबर. मी वही उघडली आणि तिथंच पाटावर बसून लाल शाईनं नाव लिहिलं. सर्जेराव काही तरी बोलायला गेले, मग गप्प बसले. भारावले असावेत. मी स्वतः ऐकला नाही हे खरं. पण अध्यक्ष खोटं कशाला बोलतील!

सोमवार, ४ नोव्हेंबर

मनगटी घड्याळ बंद पडलं म्हणून बाजारपेठेत कोंडिबाकडं नेलं. त्याच्या वडिलांपासूनचं दुकान. त्यानं घड्याळ कानाला लावलं आणि म्हणाला, "चांगदेव सर, चालू हाय की!"

म्हटलं, काटे हलत असतील रे, पण टिकटिक नाही. मशीन अडतंय. त्यानं पुन्हा लावलं. मग माझ्याकडं बघितलं आणि ते माझ्या उजव्या कानाला लावलं. लांबून, भिंतीपलीकडून यावी तशी टिकटिक. मग डाव्या कानाला लावलं.

काही नाही.

"किती दिवस झालं, सर?" त्यानं विचारलं. मी घड्याळ घेतलं, काय द्यायचं तेही विचारलं नाही, घरी आलो.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

रात्रभर झोप नाही. सकाळी घरातल्या घरात परीक्षा घेतली, तीस वर्षं पोरांची घेतली तशी. काडेपेटी डाव्या कानाशी हलवली. सौ.च्या काचेच्या बांगड्या किणकिणवल्या. पिंपाच्या तोटीतून थेंब पाडले. नापास!

शेवटी पार्वतीला सांगितलं. वाटलं, घाबरेल. तिनं भाजी चिरता चिरता मानही वर केली नाही. "माहीत आहे," म्हणाली. (हे मोठ्यांदा म्हणाली. म्हणजे रोज मोठ्यांदाच बोलत असते!)

"तुला माहीत होतं?"

"मला आणि म्हाळूला. दोन वर्षं झाली. त्यानंच मला विचारलं, 'बाई, सरांचा डावा कान जातोय का?' म्हटलं, व्हय रे बाबा, पण त्यांना बोलू नको, जिवाला लावून घेतील. तर म्हणाला, 'मी त्यांच्या डाव्या अंगानं चालत जाईन. काय बोललं की मी इचारीन, मंग सर बघतील. कुनाला कळायचं न्हाई.'"

मी इचारीन!

अरे देवा. "सर, चिंचंवर बोलतोय त्यो कोन?" — मी मान वर करायचो, डोळे अजून चांगले आहेत, पक्षी दिसायचा, मी रुबाबात नाव सांगायचो. आणि लोक म्हणायचे, काय कान आहेत सरांचे! दोन वर्षं त्या माणसानं सगळ्यांपुढं अडाणी होऊन मला ऐकू आणलं. आणि मी इथं, याच रोजनिशीत लिहून ठेवलंय — सहा वर्षं झाली तरी मलाच विचारतो!

आणि फक्त एकदा, एकदाच, त्यानं विचारलं नाही, सांगितलं. कारण त्या वेळी त्याला लाल शाईत स्वतःचं नाव हवं होतं. एवढीच त्याची हौस. ती मी चौदा माणसांसमोर खोडली आणि वर हसवलं.

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

डॉक्टरांनी दोन्ही कानांत बघितलं. वयाचं आहे म्हणाले, बारीक आवाज आधी जातात, जाड मागं राहतात. होला, भारद्वाज, टिटवी, कावळा! यंदा पक्षी कमी नाहीत. पक्षी तेवढेच आहेत. आणि मी पुण्याच्या साप्ताहिकाला अवर्षण लिहून पाठवलंय. आज दुसरं पत्र टाकलं — कृपया छापू नये.

थोडं हलकं वाटतंय खरं. कान गेला होता, माझा दोष नव्हता. म्हाळूला जाऊन तसं सांगतो. तो समजून घेईल, समजूतदार आहे.

रविवार, १० नोव्हेंबर

फेरी रद्द केली. पडसं झालंय असं कळवलं.

म्हाळूच्या घरी गेलो. त्याची आई ताईबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. "बसा सर," म्हणाली, पण सुपावरून नजर काढली नाही. म्हटलं, म्हाळू फेरीला येत नाही? "त्याला आता पक्षी नगं झाल्यात," ती म्हणाली. "रविवारी पडून ऱ्हातो भिताडाकडं त्वांड करून. तुम्ही काय त्याला मारलं असतं तर बरं, सर. मानसांत हसवलं न्हाई पायजे."

म्हाळू सुटीच्या दिवशीही कामावर होता, नदीच्या रस्त्यावर तार तुटली होती म्हणून. खांबावर चढलेला. मी खाली उभा राहिलो आणि सगळं बोलून टाकलं — घड्याळ, बांगड्या, डॉक्टर, डावं अंग, पार्वतीनं सांगितलेलं सगळं. "म्हाळू, मला ऐकूच आलं नव्हतं रे! चुकलो मी." रस्त्यानं बैलगाडी गेली, गाडीवान बघत गेला. बघू दे.

वरून तो काही तरी बोलला. तोंड हलताना दिसलं. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी मान हलवली, हो हो म्हणून. त्याला कळलं. पकड कमरेला अडकवून सावकाश खाली उतरला, हात पुसले, आणि वळसा घालून माझ्या उजव्या बाजूला येऊन उभा राहिला.

म्हणाला, "सर, कानाचा राग न्हाई. कान कुनाचाबी जाईल. पर सर्जेरावांचं नाव लाल शाईत लिवलं म्हनं, तवा तुम्हाला कुठं ऐकू आलं व्हतं?"

नीट, स्पष्ट ऐकू आलं. प्रत्येक शब्द.

म्हटलं, आठ डिसेंबरला मंडळाचा मेळावा आहे, सगळ्यांसमोर तुझं नाव वाचतो. वहीत दुरुस्त करतो. ये तू. म्हाळू म्हणाला, "बघा. जमलं तर करा." आणि परत खांबावर चढला.

सोमवार, ११ नोव्हेंबर

सरळ लिहितो. ही रोजनिशी कुणी वाचायची नाही.

त्या दिवशी म्हाळूच्या जागी सर्जेराव असते, नाही तर कोर्टातले कुणी वकील असते, तर मी काय केलं असतं? म्हटलं असतं, "थांबा हं, पुन्हा ऐकू या." कुणाला तरी विचारलं असतं, तुम्हाला येतंय का ऐकू? कुशाबाईंचे कान तरुण आहेत, त्या तिथंच उभ्या होत्या. नाहीच कुणी ऐकलं तर पेन्सिलीनं लिहून ठेवलं असतं. रेघ मारली नसती. हसवलं तर मुळीच नसतं. हातात माझ्या रेघ आली ती म्हाळू होता म्हणून. तो वस्तीतला आहे, वायरमन आहे, तो मला विचारणारा, मी सांगणारा.

मी स्वतःला कधी तसला समजलो नाही. वर्गात सगळी पोरं एका ओळीत बसवली. म्हाळूला घरात, पाटावर बसवून जेवू घातलं. त्याचा केवढा अभिमान होता मला! जेवू घालणं सोपं असतं. त्याचा शब्द खरा धरायची वेळ एकदाच आली, आणि मी सहीनिशी नापास झालो.

बुधवार, १३ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

फटाके सगळे ऐकू आले.

रविवार, २४ नोव्हेंबर

एकटाच चिंचांच्या राईत गेलो. सहा ऑक्टोबरच्याच जागेवर उभा राहिलो, त्याच वाकड्या फांदीखाली. अर्धा तास दुर्बीण लावून मान मोडून घेतली.

आणि तो दिसला. शेंड्याच्या पानांत, बोटभर, भुवईवर पिवळट रेघ. चोच उघडली, गळा थरथरला. पुन्हा उघडली. पुन्हा. माझ्या डोळ्यांसमोर तो बोलत होता आणि राईत चिडीचूप होती.

बसलो तिथंच मुळावर. रडलो. अठ्ठावन्नाव्या वर्षी, भर उन्हात!

घरी येऊन मेळाव्याचा कागद तयार केला. वर लाल शाईनं — "१९७४चा पहिला पर्णवटवट्या : श्री. म्हाळू ओव्हाळ, ६ ऑक्टोबर, चिंचांची राई." अक्षर चांगलं आलं. पार्वतीला दाखवला. म्हणाली, "वाचाल ना?" म्हटलं, म्हणजे काय!

शुक्रवार, ६ डिसेंबर

म्हाळू मुंबईला गेलाय, चैत्यभूमीवर. ताईबाई म्हणाली, रविवारी सकाळपर्यंत येईल, मेळाव्याला येणार हाय. तिनं त्याचा पांढरा शर्ट इस्त्रीला दिलाय.

रविवार, ८ डिसेंबर

काय झालं ते लिहायचं म्हणजे लिहायचं. पळायचं नाही.

शाळेचा व्हरांडा. तीस-पस्तीस माणसं. सर्जेराव अध्यक्षांच्या खुर्चीत. सुरुवातीलाच त्यांनी जाहीर केलं, मंडळाला सागवानी कपाट देणार, वह्या-पुस्तकं ठेवायला. टाळ्या. म्हाळू दारापाशी उभा, इस्त्रीचा शर्ट, प्रवासानं डोळे लाल, शेजारी ताईबाई. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

माझी पाळी आली. कागद खिशात होता. काढला. उलगडला. समोर लाल अक्षरात म्हाळूचं नाव. आणि समोरच सर्जेराव, गळ्यात हार. मनात आलं — अध्यक्षांना त्यांच्याच मेळाव्यात खोटं पाडायचं? आज, कपाट दिल्यादिवशी? वहीत त्यांचं नाव खोडलं तर पुन्हा जीप येईल का? पुढच्या रविवारी वाचू. नाही तर म्हाळूला वेगळं बोलावून देऊ. असलं सगळं एका श्वासात मनात आलं.

आणि मी वाचलं, "यंदाचा लाल शाईचा मान — आपले अध्यक्ष, श्री. सर्जेराव."

सर्जेराव नारळ घ्यायला उठेचनात. "ऱ्हाऊ द्या सर, ऱ्हाऊ द्या," म्हणत होते. मीच दंडाला धरून उठवलं.

टाळ्या झाल्या. म्हाळूनंही वाजवल्या. त्याचे हात मला दिसत होते. ताईबाईनं वाजवल्या नाहीत. मी कागद घडी करून खिशात ठेवला, आणि पुन्हा दाराकडं बघितलं तेव्हा तिथं कुणी नव्हतं.

सोमवार, ९ डिसेंबर

पार्वती बोलत नाही. बोलली तरी मला कळायचं नाही, म्हणून निदान तोंड तरी हलवत असेल असं वाटून बघत राहतो. नाही हलत.

गुरुवार, १२ डिसेंबर

कोंडिबाच्या दुकानात कळलं. म्हाळूनं बदली मागून घेतली. दौंड तालुक्यात, खुटबावला. शनिवारी सकाळी सहाच्या गाडीनं आईला घेऊन निघणार. कोंडिबा म्हणाला, "चांगला मानूस. इथं काय कमी पडलं त्याला, कुनास ठावं." मी घड्याळाला चावी देत राहिलो.

शनिवार, १४ डिसेंबर

पाचला उठलो. आंघोळ केली, कोट घातला, तो लाल अक्षरांचा कागद खिशात घातला. स्टँडच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. गाडी लागलेली. टपावर त्यांची पत्र्याची पेटी, वळकटी, ताईबाईचं सूप. म्हाळू खाली उभा होता, वर पिंपळाकडं बघत. काही तरी ऐकत असणार.

पुढं पाऊल पडेना. काय तोंडानं जाऊ? कागद द्यायचा तर सहा दिवसांपूर्वी द्यायचा होता, सगळ्यांसमोर. कोपऱ्यावर देऊन काय उपयोग? गाडी निघेपर्यंत पानाच्या टपरीआड उभा राहिलो, चोरासारखा. मग घरी आलो.

रविवार, १५ डिसेंबर

मेळाव्यानंतरची पहिली फेरी. स्टँडवर नऊ जण.

सर्जेराव जीपमधून उतरले ते हातात नारळ घेऊनच. तोच, न फोडलेला, शेंडीसकट. मला बाजूला नेऊन म्हणाले, "सर, आठ दिस जिवाला चैन न्हाई. आवो, मी गंमत केली व्हती! आमच्या लिंबावर चिमण्या व्हत्या, चिमण्या! तुम्ही लगीच लाल शाई काढली, मंग समद्यांम्होरं मला तोंड उघडता येईना. मला वाटलं, तुम्ही हसाल. म्हटलं, सरांच्या तिखट कानाला कोन फसवनार? ह्यो नारळ त्या वायरमनचा हाय. मारा त्याला हाक, आत्ता समद्यांम्होरं देऊन टाकू."

मी सवयीनं डावीकडं बघितलं.